भाईजानच्या हाताचे नॉब

घरात बसून विमान उडवण्याचा शौक आमच्या मोहल्ल्यात अजून कोणाला फारसा पटत नाही. 'मास्तर, खेळण्यावर पैसे घालता?' असे लोक विचारतात. आम्ही मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' हा विषय घोकला होता, त्यामुळे उत्तर तयार असते. खरे कारण मात्र आमचे भाईजान.

भाईजान यंत्रमागावर जॉबर होते. मागाचा नुसता आवाज ऐकून कुठे काय ढिले झाले ते सांगायचे. काही वर्षांपूर्वी उजवा हात गिअरमध्ये सापडला आणि तर्जनी व मधले बोट अर्धी गेली. तेव्हापासून त्यांनी पाना हातात धरला नाही. लग्नकार्यात तो हात कुर्त्याच्या खिशात असतो. धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावरची शिकाऊ विमाने पाहायला मात्र ते हौसेने जात. म्हणून आम्ही संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर बसवला आणि त्यात सेस्ना १७२ हे चार आसनांचे छोटे विमान निवडले.

पडद्यावरचा नॉब माउसने फिरवणे म्हणजे चित्रातला नळ सोडणे. हाताला काही लागत नाही. तेव्हा खरे नॉब बसवायचे ठरले.

बाजारात सगळे नॉब सारखेच दिसतात, पण खालच्या दांड्याला काय जोडले आहे त्यावरून त्यांच्या तीन जाती पडतात. पहिली पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओच्या आवाजाची. आत रोधक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा स्पर्शक. तो सुमारे ३०० अंश फिरतो आणि दोन्ही टोकांना अडतो. आर्डुइनो मेगा हा छोटा सर्किट बोर्ड त्याचा विद्युतदाब मोजून ० ते १०२३ मधला आकडा संगणकाला देतो. विमानातले दिवे मंद-प्रखर करायला हा उत्तम. घेताना 'बी' अक्षराचा पाहावा. 'ए' अक्षराचा बहुधा आवाजासाठी असतो, त्याचा आकडा समप्रमाणात वाढत नाही.

दुसरी जात रोटरी एन्कोडर. त्याला टोकच नाही, कितीही फिरवा. आत दोन स्विच मागेपुढे जुळतात, आणि कोणता आधी जुळला त्यावरून फिरण्याची दिशा कळते. दिशादर्शकाला हाच हवा, कारण ३६० अंशांच्या वर्तुळाला शेवट नसतो. शिवाय नवे उड्डाण सुरू केले की पडद्यावरचे आकडे बदलतात. पोटेन्शिओमीटर कालच्याच जागी अडून बसतो, एन्कोडर फक्त 'एक पुढे, एक मागे' एवढेच सांगतो. मात्र त्याचे खटके बोटांना स्पष्ट जाणवले पाहिजेत. उंचीमापकावर हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने चुकला तर उंची सुमारे ३० फुटांनी चुकते, दहाने चुकला तर ३०० फुटांनी.

तिसरी जात ठरावीक जागी थांबणारा स्विच. इंजिनाच्या मॅग्नेटोसाठी तोच लागतो: बंद, उजवा, डावा, दोन्ही आणि स्टार्ट, अशा पाच जागा.

एवढे ठरले आणि गाडी रेडिओवर अडली. विमानाच्या रेडिओला एकात एक दोन नॉब असतात. बाहेरच्याने मेगाहर्ट्झ बदलतात, आतल्या बारक्याने किलोहर्ट्झ. वैमानिक डाव्या आसनावर, म्हणजे रेडिओ उजव्या हाताशी. तो आतला नॉब चिमटीत धरायला बोटांची टोके लागतात, आणि भाईजानकडे नेमकी तीच नाहीत.

आम्ही दोघे मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने जोडनॉबच पुढे केला. 'असली विमानासारखं हवं ना? मग हाच घ्या. दोन वेगळे लावलेत तर ते खोटं दिसेल.'

भाईजानने खिशातला हात काढला आणि काउंटरवर ठेवला. 'या हातासाठी पाहिजे.'

दुकानदार क्षणभर गप्प राहिला. मग स्टूल पुढे सरकवून म्हणाला, 'बसा चाचा. एकेक फिरवून बघा.'

त्या दिवशी पाऊण तास भाईजान नॉब फिरवत होते. शेवटी आम्ही दोन सुटे एन्कोडर घेतले. दांडा ६ मिलिमीटरचा, एका बाजूने कापलेला, म्हणून नॉबही त्याच भोकाचे. एक मोठा, कडेला खाचा असलेला, अंगठा आणि अनामिकेत बसणारा. दुसरा तिकोनी, तळहाताच्या कडेनेही फिरतो. न पाहता दोन्ही ओळखू येतात.

यात असलीपणा गेला असे कोणी म्हणेल. पण असली विमानेही हातासाठी बदललेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर वैमानिक फ्लॅप मिटवायला जात आणि चाकेच मिटवून बसत. दोष वैमानिकांना दिला जाई. अल्फोन्स चापानिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि दिसायला एकसारख्या आहेत. त्यांनी चाकांच्या कळीला छोटे रबरी चाक जोडले आणि फ्लॅपच्या कळीला पाचर. आजही मोठ्या विमानात चाकांच्या दांड्याचे टोक चाकासारखेच असते. माणसाला बदलण्यापेक्षा कळ बदलणे स्वस्त पडले.

आता मॅग्नेटोची चावी तेवढी राहिली आहे. स्टार्टच्या जागी तिला स्प्रिंगचा जोर लागतो आणि एवढीशी चावी भाईजानच्या हातात ठरत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून मागाचा एक जुना लाकडी धोटा काढला, तो कापला आणि अपघातानंतर पहिल्यांदा आमच्याकडे कानस मागितली. त्या लाकडाची मूठ चावीवर बसवली आहे. ती अजून थोडी जाड होते, म्हणून त्यांनी परत घासायला घेतली आहे.