बायसनचं माहेर

डॅलसला राहणाऱ्या मंडळींना नेहमीचा प्रश्न: भारतातून आई-वडील आले की त्यांना दाखवायचं काय? मॉल, म्युझियम एकदा झालं की संपलं! म्हणून या वेळी अण्णांना घेऊन ओक्लाहोमातल्या विचिटा माउंटन्स अभयारण्यात गेलो. गाडीने तीन-साडेतीन तास. सपाट माळ संपतो आणि एकदम तांबूस ग्रॅनाइटचे डोंगर उभे राहतात. माउंट स्कॉटची उंची जेमतेम २,४६४ फूट, पण दगड पन्नास कोटी वर्षांहून जुना.

अण्णांची नोकरी राधानगरीकडे झालेली. दाजीपूरचे गवे त्यांनी पुष्कळ पाहिलेले. रस्त्याकडेला बायसनचा कळप दिसताच म्हणाले, "अरे, हा तर केसाळ गवा!"

मी उत्साहाने माहिती सांगू लागलो. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी बायसन जवळजवळ संपवले. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे डोंगर प्राण्यांसाठी राखून ठेवले, आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून पंधरा बायसन रेल्वेने इथे आणले. आज कळप साडेसहाशेच्या आसपास आहे. जमीन इतकी खडकाळ, की नांगर चाललाच नाही; म्हणून मूळचं गवत टिकलं आणि आलेल्या बायसनना चारा मिळाला. शेतकऱ्याच्या लेखी कुचकामी जमीन अशी उपयोगी पडली!

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जनावरं परत आली. इथली माणसं कुठं गेली?"

हा मुलूख कोमांची, कायोवा आणि अपाची लोकांसाठी राखीव होता. १९०१ मध्ये त्यांना माणशी १६० एकर देऊन उरलेली बहुतेक जमीन सरकारने लॉटरी काढून बाहेरच्यांना वाटली. सहा वर्षांनी बायसन स्टेशनवर उतरले, तेव्हा कोमांची लोक ते पाहायला आले होते. जनावरं ओळखीची, पण डोंगर आता त्यांचा नव्हता.

अण्णा म्हणाले, "तुझ्या आत्याचं गाव धरणासाठी उठलं. चाळीस वर्षं झाली, अजून कुणी विचारलं तर ती जुन्या गावाचंच नाव सांगते."

आपण आपलं गाव स्वखुशीने सोडलं, तिकीट काढलं की परत जाता येतं. हा फरक मला त्या डोंगरात पहिल्यांदा नीट कळला.

तुम्ही जरूर जा. बायसन लांबूनच बघा, ते अंगावर धावून येतात. आणि मुलांना पंधरा बायसनची गोष्ट सांगाल, तेव्हा कोमांचींचीही सांगा.