अल्बर्ट नावाची मुंबईकर माणसं

एअरोसिटी, मोहाली

चि. ऋतुजा हिस,


बाळाचं नाव त्याच्या जर्मन पणजोबांवरून अल्बर्ट ठेवणार, म्हणून ताई रुसली आहे. "आपल्याकडे कुणी ऐकलंय का हे नाव?" असं फोनवर म्हणाली. अगं, ताईने आणि मी ते लहानपणापासून ऐकलंय!

मूळ जुन्या जर्मन भाषेतलं, अर्थ कुलीन आणि तेजस्वी. इंग्लंडात ते आधी फारसं नव्हतं. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने जर्मन राजपुत्र अल्बर्टशी लग्न केलं आणि घरोघरी अल्बर्ट जन्मू लागले. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडलं, ते या दोघांच्याच नावाने.

त्याच्या शेजारी राणीच्या बागेत काळा घोडा आहे, आठवतो? १९६५ साली फोर्टातून हलवून तिथे आणलेला. ताई मला तो हात धरून दाखवायची. वर बसलेला सातवा एडवर्ड म्हणजे व्हिक्टोरिया-अल्बर्टचा मुलगा, पाळण्यातला अल्बर्ट एडवर्ड. राज्यावर बसताना त्याने पहिलं नाव वगळलं, ते वडिलांचंच राहावं म्हणून. पुतळा शहराला दिला तोही अल्बर्टच, ज्याने ससून डॉक बांधला तो. हा बगदादला जन्मला तेव्हा अब्दुल्ला होता. मुंबईत पेढी सांभाळली, 'सर' झाला, अल्बर्ट म्हणवू लागला. पण पूर्ण नाव कसं लावायचा? अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून. जन्मनाव टाकलं नाही, वडिलांचंही नाही. मला हा माणूस त्यासाठी फार आवडतो.

आणि मी राहते त्या भागातही एक अल्बर्ट आहेच. चंदीगडचा पहिला आराखडा कोर्बुझिएचा नव्हे, अमेरिकन अल्बर्ट मेयरचा. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्याचा अभियंता म्हणून भारतात धावपट्ट्या बांधायला आला होता. त्याने आखलेले वळणदार रस्ते कोर्बुझिएने पुढे बरेचसे सरळ केले. वस्तीतच शाळा, बाजार, बाग असावी ही त्याची कल्पना मात्र शहराने ठेवली.

तेव्हा अल्बर्ट खुशाल ठेव. फक्त ससूनसारखं मधे घरचं नाव घाल, तुझ्या बाबांचं. ताईचा रुसवा तिथेच विरघळेल, मी तिला ओळखते. बारशाच्या चांदीच्या वाटीवर कोरायला पूर्ण नाव देवनागरीत लिहून पाठव. सोनार आठवडाभर लावतो.

तुझी,
मावशी