पुढच्या वळणावर

वैशाखाचे ऊन तापू लागले, की पुण्यातील घराघरांत सुट्टीची चाहूल लागते. शाळेची दप्तरे माळ्यावर चढतात, माठाच्या पाण्यात वाळा पडतो आणि सायंकाळी अंगणात प्रवासाचे बेत रंगू लागतात. कोणी कोकणात आजोळी जातात, कोणी महाबळेश्वराच्या थंड हवेचा आश्रय घेतात. ज्यांना लांबचा प्रवास परवडत नाही, ते पहाटे उठून जवळचा एखादा डोंगर चढून येतात. पुण्यातील एका कुटुंबाचा असाच नेम होता. आई, वडील, थोरली मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला मुलगा, अशी ही चार माणसे. दरवर्षी मे महिन्यातील एक रविवार त्यांनी सिंहगडासाठी राखून ठेवलेला असे.

सिंहगड हा पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरांवर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,३०० मीटरांच्या आसपास भरते. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी प्राण वेचून तो जिंकून दिला, ही कथा मुलांना तोंडपाठ होती. आता मोटारीचा रस्ता थेट माथ्याजवळ पोहोचतो. परंतु या कुटुंबाची वाट आतकरवाडीहून वर जाणारी पायवाट होती. पहिल्या वर्षी मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा पाच. अर्ध्या वाटेवर मुलाचे पाय दुखू लागत आणि तो वडिलांच्या खांद्यावर जाऊन बसे. वडील पुढे, मुले मध्ये आणि आई शेवटी, असा क्रम ठरलेला असे. “माझ्या पुढे कोणी जायचे नाही,” हा वडिलांचा दंडक होता. प्रत्येक वळणावर ते मागे वळून माणसे मोजीत. माणसे चारच, तरी मोजीत. वर पोहोचल्यावर देवटाक्याचे गार पाणी, मडक्यातले दही आणि चुलीवरची पिठले-भाकरी यांपुढे सारा शीण विसरला जाई.

मुलगी बारा वर्षांची झाली, त्या उन्हाळ्यात तिने चढता चढता विचारले, “बाबा, मी पुढच्या वळणापर्यंत एकटी जाऊ?”

वडिलांनी आईकडे पाहिले. वाट ओळखीची असली, तरी घसाऱ्याची होती. एका बाजूस उतार होता. क्षणभर थांबून ते म्हणाले, “जा. पण वळणावर थांबायचे. आम्ही दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाही.”

मुलगी भराभर चढून वळणाआड दिसेनाशी झाली. ती दोन मिनिटे वडिलांना फार लांब वाटली. त्यांची पावले आपोआप वेग घेऊ लागली, तेव्हा आई मागून हळूच म्हणाली, “सावकाश चला. तिला थांबायला वेळ द्या.” वळणावर पोहोचून पाहतात, तो मुलगी झाडाच्या सावलीत एका दगडावर बसलेली. जाळीतली करवंदे तिने खुडली होती आणि अर्धी भावासाठी रुमालात बांधून ठेवली होती. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या वळणासाठी तिने पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलविली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात हे अंतर वाढत गेले. एका वळणाची दोन वळणे झाली, दोहोंची चार झाली. मग एके वर्षी मुलगी थेट पुणे दरवाजात जाऊन सर्वांची वाट पाहत उभी राहिली. विश्वास ही वस्तू एकदम कोणाच्या हाती ठेवता येत नाही. मुलगी दर वेळी सांगितल्या जागी थांबली, म्हणून पुढची जागा अधिक दूरची ठरली.

मुलाची गोष्ट निराळी होती. तेरावे वर्ष लागले, तसा तो अबोल होऊ लागला. त्या मे महिन्यात त्याने सांगून टाकले, “मी या वर्षी येत नाही. आमचा सामना आहे.” आईच्या मनाला ते फार लागले. पहाटे उठून तिने दशम्या केल्या, त्या हाताच्या सवयीने चौघांच्याच. गडावर तिघे गेले. परंतु दह्याचे मडके हाती आले, तेव्हा तिघांनाही एकाच माणसाची आठवण झाली. सायंकाळी घरी परतल्यावर मुलगा दारातच उभा होता. सामन्यात काय झाले, ते त्याने सांगितले नाही; उलट विचारले, “करवंदे पिकली होती का?” आईने पिशवीतून पानांचा द्रोण काढून त्याच्यापुढे ठेवला. मुलाने घर सोडले नव्हते. घराबाहेरही त्याचे एक जग उभे राहत होते, इतकेच. ते तिच्या ध्यानात आले आणि तिच्या मनाची हुरहुर थोडी शमली.

मुलगी सोळा वर्षांची झाली आणि दहावीची परीक्षा आटोपताच तिने मैत्रिणींसह राजगडावर जाण्याची परवानगी मागितली. घरात दोन दिवस चर्चा चालली. राजगड म्हणजे सिंहगड नव्हे. गुंजवण्याहून चोर दरवाजाकडे जाणारी चढण उभी आणि उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारी. शेवटी आईने तोडगा काढला. या वर्षी चौघांनी जायचे. परंतु सारी आखणी मुलांनी करायची आणि मोठ्यांनी फक्त त्यांच्यामागून चालायचे.

मुलांनी काम मनावर घेतले. नसरापूर, मार्गासनी, गुंजवणे असा मार्ग कागदावर उतरविला. प्रत्येकी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या आणि डोक्याला टोप्या, अशी यादी केली. गडावर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने ती उठतात, म्हणून अत्तर वा सुवासिक तेल कोणी लावू नये, हेही मुलाने बजावले. वडिलांना पुष्कळ सूचना सुचत होत्या. त्या त्यांनी मोठ्या कष्टाने गिळल्या.

रायगडाच्या आधी राजगड ही शिवरायांची राजधानी होती. २०२५ साली मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत हा गड आहे. चोर दरवाजातून चौघे पद्मावती माचीवर पोहोचले, तेव्हा ऊन चढले होते आणि खडक तापले होते. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला होता. मुलाने काही न बोलता त्यांच्या पाठीवरची पिशवी उतरवून आपल्या खांद्यावर घेतली. नऊ वर्षांपूर्वी ज्या खांद्यावर तो बसत असे, त्यावरचा भार त्याने उचलला होता.

वडिलांची दृष्टी मात्र बालेकिल्ल्यावर खिळली होती. “इतके आलो आहोत, तर तेवढे पाहूनच जाऊ,” ते म्हणाले.

मुलीने बाटल्या मोजल्या. मग शांतपणे म्हणाली, “नको, बाबा. उतरतानाही पाणी लागेल. आज इथूनच परत फिरायचे.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. इतकी वर्षे ज्यांच्या शब्दावर सारे थांबत, ते वडील त्या दिवशी मुलीच्या शब्दावर थांबले. पद्मावतीच्या देवळाच्या सावलीत विसावताना आईचे लक्ष समोरच्या तोरण्याकडे गेले. तो गड स्वराज्यात आला, तेव्हा शिवरायांनी विशीही गाठली नव्हती. आणि १६६६ साली ते आग्र्याच्या कैदेतून निसटून आले, ते याच राजगडावर. तोवर जिजाऊंनी राज्याचा कारभार सांभाळीत पुत्राची वाट पाहिली होती. एवढ्या थोर मातेलाही वाट पाहणे चुकले नाही, या विचाराने आईला धीर आला.

पुढच्या उन्हाळ्यात दोघे भावंडे मित्र-मैत्रिणींसह राजगडावर गेली. आईवडील घरीच राहिले. “वर पोहोचलो” असा निरोप सकाळी फोनवर आला आणि मग फोन लागेनासा झाला. वडील वर्तमानपत्राचे एकच पान पुनःपुन्हा वाचीत होते. आईने दोनदा दार उघडून पाहिले. दिवेलागणीस दोघे परतली. चेहरे उन्हाने रापले होते, बुटांवर तांबडी धूळ होती. “बालेकिल्ला पाहिला!” मुलगा आत येता येताच म्हणाला.

वडिलांनी एवढेच विचारले, “पाणी पुरले?”

“एक बाटली उरली,” मुलगी म्हणाली.

मुले मोठी होतात, ती आईवडिलांचा हात झिडकारून नव्हे, आणि तो जन्मभर धरूनही नव्हे. मनास येईल तसे वागणे म्हणजे स्वातंत्र्य, असे लहानपणी वाटते. बरोबरच्या माणसांचा भार ओळखून कोठे थांबावे, हे स्वतः ठरविता येऊ लागले, की स्वातंत्र्याचा खरा अर्थ उमगतो. मुलांना हे शिकावे लागते, तसे मोठ्यांनाही एक शिक्षण घ्यावे लागते. पुढे चालण्याची सवय सोडून मागून चालणे, आणि मूल वळणाआड गेले, तरी आपली पावले सावकाश ठेवणे, हे ते शिक्षण होय. ते पहिल्याहून सोपे नाही.