चिरनेरच्या ओटीवर इटालियन

उरण तालुक्यातले चिरनेर हे डोंगराच्या पायथ्याचे भाताचे गाव. महागणपतीच्या देवळासाठी आणि जंगल सत्याग्रहासाठी ते प्रसिद्ध आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला. चिरनेर व आसपासच्या गावांतले आठ जण हुतात्मे झाले. त्यांचे स्मारक पाहिल्यावाचून कोणी पुढे जाऊ नये. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, तेव्हापासून या बाजूच्या रस्त्यांवर बैलगाडी दिसेनाशी झाली आणि कंटेनरचे ट्रेलर वाढले.

भाताची पाहणी करून एका शेतकऱ्याच्या ओटीवर टेकलो होतो. त्यांचा मुलगा वही घेऊन पुटपुटत बसलेला. प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात त्याला नोकरी लागली आहे. अर्ध्या एकराच्या भातावर घर चालत नाही, म्हणून उसनवारी करून कागदपत्रे केली. सोबतचे बरेच जण इटालियन. काम येते, पण जेवताना मुक्यासारखे बसून आठ महिने काढायचे कसे, हीच त्याची काळजी.

वहीत देवनागरीत लिहिले होते : ‘बुओन जोर्नो’ म्हणजे नमस्कार. ‘मि कियामो’ म्हणून आपले नाव सांगायचे. ‘पियाचेरे’ म्हणजे भेटून आनंद झाला. ‘सोनो दी चिरनेर’, मी चिरनेरचा. समजले नाही तर ‘नोन कापीस्को’.

मराठी माणसाला ही भाषा जिभेला जड नाही. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दातांना लागतो. जोडाक्षर मात्र नीट दाबावे : ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात! मानाचे आणि सलगीचे बोलणेही वेगळे. वडीलधाऱ्याला ‘कोमे सि कियामा?’, बरोबरीच्याला ‘कोमे ति कियामि?’ असे नाव विचारतात. ‘चाओ’ हा शब्द मूळचा व्हेनिसकडचा, अर्थ ‘मी आपला दास’. आज तो फक्त सलगीत चालतो. मुख्य आचाऱ्याला पहिल्याच दिवशी म्हणू नये. आपली चावी त्यांची ‘कियावे’, आपला पाव त्यांचा ‘पाने’. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगीजांनी आणले, पण मूळ दोघांचे लॅटिनच.

इटली रायगडला अगदीच परकी नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मी त्याला एकच शब्द जास्तीचा दिला, ‘रीझो’. त्याचा अर्थ भात, आणि हसूही. युरोपात सर्वांत जास्त भात इटलीत पिकतो, पो नदीच्या खोऱ्यात. तणनाशके आणि यंत्रे येण्यापूर्वी तिथेही बायकाच गुडघाभर पाण्यात वाकून लावणी नि बेणणी करीत. त्यांना ‘मोंदिने’ म्हणत. पाठ केलेली वाक्ये दोन दिवसांत संपतात. आवण, लावणी, चिखल यांवर मात्र शेतकऱ्याचा मुलगा कोणाशीही बोलू शकतो, मग निम्मे हातवाऱ्यांनी का होईना.

आजी इतका वेळ ऐकत होती. नाव विचारलेस, गाव विचारलेस, पण जेवलास का ते कसे विचारणार, असे तिने नातवाला विचारले. ते वहीत नव्हते. त्याने मोबाईलवर शोधून लिहून घेतले : ‘आइ मांजातो?’