विंचूर ते तळेघर : हिरड्याच्या हंगामात

एप्रिलच्या शेवटी विंचूरच्या उपबाजारात उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासूनच ओळीने लागलेले असतात. त्या रांगेला वळसा घालून आम्ही निफाडकडे निघालो, तेव्हा गाडी चालवणारा मावसभाऊ म्हणाला, "लोक इथे भाव घ्यायला येतात, आणि तू झाडं बघायला बाहेर चाललास." आम्ही गोदाकाठची माणसं. कांदा, ऊस, द्राक्षं. रान म्हणायचं तर नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीच्या कडेच्या बाभळी. हिरड्याचं झाड उभं ठेवून त्याच्या फळावर घर चालवणारी माणसं भीमाशंकरच्या डोंगरात आहेत, एवढं ऐकून होतो.

सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, मंचर. या रस्त्यावर चहा सोडून लिहिण्यासारखं काही नाही. मंचरला उजवीकडे वळून घोडेगाव ओलांडलं आणि डिंभे धरण लागलं. जलाशयाला याच आंबेगाव तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. पाणी खालच्या बागायतीला जातं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतली बरीच महादेव कोळी आदिवासी कुटुंबं वर सरकली. उतारावर दगडाचे बांध घालून भाताची खाचरं पाडायची, याला इथे पडकई म्हणतात. रस्त्यावरून त्या पायऱ्या दिसतात. आमच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ती मेहनत बघूनच दम लागतो.

तळेघरच्या अलीकडे हवा बदलली. घरांच्या पत्र्यांवर, खळ्यात, उघड्या कातळावर बेदाण्यासारखं काळं, सुरकुतलेलं काहीतरी पसरलेलं दिसू लागलं. हाच बाळहिरडा. आठळी धरण्याआधीच उतरवलेलं कोवळं हिरवं फळ उन्हात वाळून काळं होतं. पूर्ण पिकू दिला तर तो मोठा, पिवळट हिरडा. तो रंगाला आणि कातडं कमावायला जातो. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून हा माल विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांसाठी जहाजं भरून जाई. औषधवाल्यांना मात्र बाळहिरडा हवा, आणि भाव त्यालाच चढा.

एका मावशींच्या अंगणात टेकलो. वर झाडावर त्यांचा पुतण्या काठीने फांद्या झोडत होता, खाली जुन्या साड्या अंथरलेल्या. भात कधीच संपलेला, पावसाला अवकाश, बियाणं आणि मीठमिरची भरायची. नेमक्या त्याच दिवसांत हिरडा हातात पैसा देतो. "हिरडा नसता तर ही झाडं कवाच कोळशाच्या भट्टीत गेली असती," मावशी म्हणाल्या. त्यांची बरीच झाडं मालकीच्या जमिनीत आहेत. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, सुमारे 131 चौरस किलोमीटरचं. पण शेकरू काही हद्द बघून उडी मारत नाही. मालकीच्या रानातली ही झाडं गेली तर अभयारण्याच्या कडा उघड्या पडतील.

निसर्गप्रेमाचे गोडवे मला तिथे कुणाकडून ऐकू आले नाहीत, आणि ते बरंच वाटलं. सगळं बोलणं भावाचं. त्या बोलण्याचा कान आम्हा विंचूरकरांना जन्मजात असतो. आदिवासी विकास महामंडळ 1972 पासूनचं, मुख्य कार्यालय आमच्या नाशकातच. त्यांची हिरड्याची सरकारी खरेदी वेळेवर उघडली की व्यापारी सांभाळून बोलतो, नाही उघडली की तो म्हणेल तो दर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावात हिरड्याची झाडं मुळासकट आडवी केली. कांद्याला फटका बसला तर पुढच्या हंगामात पुन्हा लागवड होते. पण हिरड्याचं नवं झाड उत्पन्नाला येईपर्यंत घरातलं पोर बाप्या होतं.

पुण्याच्या अप्लाईड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने उत्तर सह्याद्रीत हिरडा आणि बेहड्यासाठी 'फेअरवाइल्ड' या प्रमाणपत्राची वाट धरली. फांदी तोडायची नाही, सगळी फळं ओरबाडायची नाहीत, आणि गोळा करणाऱ्याला रास्त दाम. बेहड्याच्या जुन्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणून ते झाड उभं राहणं दुप्पट महत्त्वाचं.

फळ विकलं की जंगल वाचलं, असं सरळ गणित मात्र नाही. 1989 साली पीटर्स, जेंट्री आणि मेंडेलसोन या संशोधकांनी पेरूमधल्या ॲमेझॉनच्या एका हेक्टरचा हिशेब 'नेचर'मध्ये मांडला : फळं आणि चीक दरवर्षी विकत राहिलं तर लाकडापेक्षा जास्त मिळतं. त्याच पेरूत आग्वाहे नावाच्या ताडाची फळं बाजारात इतकी चालली, की चढायचे कष्ट नकोत म्हणून लोकांनी फळ देणाऱ्या माद्या बुंध्यातून तोडल्या. कित्येक दलदलीत नुसते नर उरले. मागणी वाढली तर झाड वाचतंच असं नाही. ते कोण, कसं उतरवतं यावर सगळं आहे.

विंचूरचं वाइन पार्क 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून आलं. द्राक्षाला जे मिळालं, ते हिरड्याला का नको? डोंगरातून पोती कच्चीच जातात. चूर्ण, त्रिफळा, डब्या, सगळा पैसा खाली.

मी मावशींना विचारलं, सगळाच बाळहिरडा काढला तर बी कुठून पडणार? त्यांनी ओढ्याकडचं एक थोराड झाड दाखवलं. "त्याला हात लावत नाय. जून होऊ देते. भाव कमी, पण खाली रोपं येतात."

"आणि शेळ्या खातात," झाडावरून पुतण्या ओरडला.

"शेळ्या तुझ्याच!"

मग काटेरी कुंपण कुणी घालायचं यावरून दोघांची जुंपली. करवंदीच्या फांद्या तोडून आणायचं काम पुतण्यावर आलं, आणि तोवर शेळ्या बांधून ठेवायचं मावशींनी कबूल केलं.