डोहातलं बियाणं

मे महिन्यात मेळघाटातल्या सेमाडोहला सिपना नदी दिसत नाही, तिचे दगड दिसतात. उन्हानं पांढरे पडलेले खडक, मधे कोरडी वाळू, काठाला पानगळ झालेला साग. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागच. मग एका वळणावर अचानक काळसर हिरवं, न हलणारं पाणी समोर येतं. तो डोह. गावानं तो आपल्या नावातच जपलाय.

एके दिवशी भल्या पहाटे काठावर बसलो होतो. पाण्यावर एक बुडबुडा फुटला. पाठोपाठ मरळीचं चपटं डोकं वर आलं, तिनं घोटभर हवा घेतली आणि ती खाली गेली. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे तर तो सर्वांत कमी असतो. मरळ, मागूर हे मासे अशा वेळी थेट हवेतून श्वास घेऊन तगतात. बाकीच्यांना ती सोय नाही. ते डोहाच्या खोल, गार पाण्यावरच तगतात.

गरी टाकायला माझे हात मात्र शिवशिवले. लहानपण सिंभोऱ्याच्या धरणाजवळ गेलं. अप्पर वर्धेच्या त्या अफाट पाण्यावर एक भोई काका मला डोंग्यात घेऊन जायचे. ते हळूहळू वल्हं मारायचे आणि मागे सोडलेली गरी पाण्यातून ओढत न्यायची, हे माझं काम. दोरा बोटाला गुंडाळलेला असायचा. शिंगाडा माशानं तोंड लावलं की बोटाला आधी बारीक थरथर जाणवायची, मग हिसका. मी घाईनं ओढायला लागलो की काका म्हणायचे, "थांब बावा. मासा सोताच सांगते." अमेरिकेतल्या तलावांवरही क्रॅपी नावाच्या माशासाठी लोक असेच संथ नावेमागे गळ ओढत फिरतात, हे पुढे वाचलं तेव्हा काकांचीच आठवण आली. एवढ्या पाण्यात मासा कुठे असेल ते शोधावं लागतं आणि शोधूनही तो हुलकावणी देतो. त्या खेळात माशालाही पळायला जागा असते.

डोहात ती नसते. वरची वाट सुकलेली, खालची सुकलेली. मैलोन्‌मैल पसरलेल्या नदीतले जेवढे जीव उरले, ते सगळे या चार-दोन खोल खड्ड्यांत गोळा झालेले. इथे गरी टाकणं म्हणजे कोंडलेल्या गुरांवर नेम धरणं.

आणखी एक फरक आहे. रोहू, कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात, तळ्यात मत्स्यबीज सोडावं लागतं. धरणातून माणूस काढतो, त्यातलं बरंचसं त्यानंच पेरलेलं असतं. डोहात कोणी पेरायला येत नाही. मृगाचा पाऊस पडतो, नदी जुळते, आणि या डोहात तगलेले मासेच लोंढ्यातून वर चढतात, ओढ्या-नाल्यांत अंडी घालतात. पावसाळ्यात मरळीच्या तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर फिरतो आणि खाली जन्मदाते राखण करत असतात. ते सगळं पीक मे महिन्यातल्या या पाण्यातून उगवतं.

आमच्या वऱ्हाडात दुष्काळ पडला तरी बियाण्याची ज्वारी दळत नसत. घरात पोरं अर्धपोटी निजली तरी ते गाठोडं कोणी सोडत नसे. डोह हे नदीचं तसं गाठोडं आहे. मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे इथल्या डोहांना कायद्याची राखण मिळाली. पण जंगलाबाहेरच्या कितीतरी नद्यांत याच दिवसांत ब्लिचिंग पावडर टाकतात, विजेची तार सोडतात, जिलेटिन फोडतात. एका दुपारीत मोठा मासा, पिल्लू, खेकडा, झिंगा सगळं उलटं तरंगतं. पुढच्या पावसाळ्यात नदी भरून वाहते, पण रिकामी वाहते. पोट भरण्यासाठी धरणात जाळं टाकणाऱ्या भोयाशी माझं भांडण नाही. बियाणं जाळणाऱ्याशी आहे.

ऊन वर आलं. मरळ पुन्हा एकदा श्वास घेऊन गेली.

तुमच्या गावच्या नदीलाही एखादा डोह असेल. होळीपासून मृगापर्यंत त्यात गरी टाकू नका, टाकणाऱ्याला अडवा. पाऊस पडल्यावर नदी तुमचंच ताट भरेल.