सिदेची दुपार

२९ मार्च २००६ रोजी तुर्कस्तानात, समुद्रकाठच्या सिदे गावी आम्ही खग्रास सूर्यग्रहण पाहिले. भर दुपारी जवळजवळ पावणेचार मिनिटे अंधार! गार वारा सुटला, शुक्र दिसला, काळ्या चंद्राभोवती पांढरी प्रभा फाकली. रोमन सम्राट ऑरेलियनच्या (इ.स. २७०-२७५) नाण्यांवर सूर्यदेव असतो. उजवा हात वर, डोईवर किरणांचा मुकुट. तसाच मुकुट नाण्यावर खुद्द सम्राटालाही आहे. देवाचे तेज राजाने उसने घेतले, दुसरे काय! आपल्याकडे ग्रहण सुटावे म्हणून वेशीबाहेरच्यांनी दान मागत फिरायचे. सिदेत कुणी दान मागितले नाही, तरी चंद्र वेळेवर सरकला. आमची गरोदर सून ग्रहणाचा चष्मा लावून उभी होती, संत्रे सोलून खात होती.